सलग की इंटरव्हल?

विषय : जाड कर्मचाऱ्यांनी सलग चालावे की थांबूनथांबून पळावे, याबाबत.
संदर्भ : आरोग्य शिबिरात आढळलेली पोटे.

फायली निकाली निघतात, किस्से साचतात. सिंदेवाहीच्या सरकारी ऑफिसातून क्लार्क म्हणून रिटायर झालो तेव्हा टेबल रिकामं झालं, हा किस्सा मात्र उरला.

डॉक्टर मॅडमनी आमचे दोन गट पाडले. 'सलग' गटानं पाऊण तास एकाच चालीनं चालायचं. 'इंटरव्हल' गटानं मिनिटभर पळायचं, दोन मिनिटं सावकाश चालायचं, पुन्हा पळायचं. चाल नोंदवायला प्रत्येकाच्या मनगटावर एक यंत्र बांधलं. तीन महिन्यांनी कोणाची साखर जास्त उतरली ते बघायचं. गट बदलायचा नाही!

*

बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, इंटरव्हल गटात. पहिल्याच दिवशी मिनिटभर पळाले आणि टपरीवर बसले.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"इंटरव्हल झाला ना, मॅडम!" म्हणत त्यांनी समोसा पुढे केला.

महिन्यानं त्यांचं वजन वाढलेलं निघालं. बडेबाबू शांतपणे म्हणाले, "काटा सरकारी आहे, मॅडम. मनावर घेऊ नका."

*

खरं अडलं होतं ते वासुदेवभाऊंचं. ते जीपचे ड्रायव्हर. साखर वाढली म्हणून चावी काढून घेतली आणि त्यांना आवक-जावक टेबलावर बसवलं. सलग गटात तीन महिने पूर्ण केल्याचा दाखला आणला, तरच चावी परत.

"मले गिअर पाह्यजे, बाबू. हा शिक्का किती दिवस मारू?"

भाऊ मन लावून चालत. विचारलं तर म्हणत, "थर्डमधी आहो." वळणावर तोंडानं हॉर्नही देत!

*

एका सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भाऊंनी असाच हॉर्न दिला. वळणापलीकडे मोहफुलं खात बसलेलं अस्वल उठलं.

भाऊ पळाले. अस्वल फुलं हुंगायला थांबलं, भाऊ दम खात चालू लागले. अस्वल पुन्हा निघालं, भाऊ पुन्हा पळाले. असं थेट गावापर्यंत!

त्यानंतर त्या पाळीवर ते रोज तसेच पळत. "अस्वल आहे का नाई, हे थांबून कोण पाह्यते?"

*

तीन महिन्यांनी सगळ्यांत जास्त साखर उतरली भाऊंची. पण मॅडमनी मनगटावरच्या यंत्रातली नोंद बघितली आणि दाखला अडवला. "तुम्ही सलग गटात होतात. पळालात काऊन?"

"मंग अस्वलाले सांगा लागत होतं, मॅडम!"

शेवटी पूर्वलक्षी प्रभावाने गट बदलून मिळण्याचा अर्ज मीच लिहून दिला. कारण : अस्वल. वरून विचारणा आली, 'सदर अस्वल कोणत्या गटात होते, याचा खुलासा करावा.'

भाऊंनी बराच विचार करून लिहिलं, 'इंटरव्हल. तेही थांबत होतं.'

अर्ज प्रलंबित आहे.