मातृभाषा आणि सलूनची खुर्ची

मी नगरला राहायला निघालो आणि मनमाडला पोचलो. पुणतांब्याच्या स्टेशनावर क्रॉसिंगला दोन गाड्या उभ्या होत्या. मी दोन्हींकडं नीट बघितलं आणि पूर्ण विचार करून चुकीच्या गाडीत चढलो. आईनं खिडकीतून धपाट्यांचं फडकं दिलं. आबा म्हणाले, "तिकडं लोकांच्या चौकश्या करत बसू नको. आपलं काम भलं." गाडी हलली तेव्हा दोघंही हात हलवत होते. पोरगा उलट्या दिशेला चाललाय हे त्यांच्याही लक्षात आलं नाही, त्यामुळं दोष एकट्या माझा नाही, घराण्याचा आहे. येवल्याला शेजारच्या बाईनं कुठं उतरायचं विचारलं. मी "नगर" म्हणालो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी फडकं सोडून तिलाही एक धपाटं दिलं.

गावाकडच्या दोस्तांनो, तुमच्यातले काही गावात राहिले, काही पुणे-सुरतेला गेले. सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, की हा नगरात करतो काय. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला अजून वळण लागायचंय.) तर आबांनी जे करू नको म्हणून सांगितलं, त्याचाच मला पगार मिळतो. इथली एक संस्था सलून आणि पार्लरमधल्या कारागिरांना प्रमाणपत्र देते. मी टॅब घेऊन त्यांच्याकडं जातो आणि विचारतो, वय किती, शिक्षण किती, मूळ गाव कोणतं, घरात भाषा कोणती, वाचता कोणती. आपल्या पारावर हे प्रश्न फुकट विचारतात. शहरात त्याला डेटा कलेक्शन म्हणतात.

ही माहिती कशाला, तर हेअर डाय, ब्लीच, केस सरळ करायचं औषध, यांनी कातडी भाजू नये म्हणून कारागिरांची लेखी परीक्षा होते. तो पेपर कोणत्या भाषांत काढायचा, हे माझ्या नोंदींवर ठरणार होतं.

पहिल्या फेरीला मी गळ्यात ओळखपत्र अडकवून एकेका दारात उभा राहिलो. सगळीकडं उत्तर एकच, मराठी. आमच्या चौकातल्या सलूनमध्ये छोटेलाल म्हणून बिहारकडचा कारागीर आहे. तो कात्री न थांबवता म्हणाला, "हमारी मातृभाषा मराठी है, लिख लो." मी लिहून घेतलं. वर आभारही मानले.

ऑफिसात मॅडम खूश झाल्या. "चला, म्हणजे पेपर मराठीतच काढू. एक कटकट मिटली." मीही खूश झालो आणि संध्याकाळी घरमालकीण सुनीताताईंना हे सांगितलं. मी राहतो त्या खोलीखालीच त्यांचं पार्लर आहे. त्या घोडेगावच्या, बैलबाजाराच्या गावच्या, त्यामुळं माणूसही दात बघून पारखतात. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून मी पायरीवर आणि त्या पडद्याआड कुणाच्या तरी भुवया कोरत, अशा आमच्या गप्पा होतात.

"आवो भाऊ," पडदा म्हणाला, "त्यो छोटेलाल मागच्या मराठी पेपरात नापास झालाय. पुन्ना झाला तर प्रमानपत्र मिळायचं न्हाई. मालक त्याची खुर्ची दुसऱ्याला देईल, आन त्याला बिऱ्हाड गुंडाळून गावाला जावं लागंल. तुमी मराठी लिहून आलात व्हय?"

"पण तोच तसं म्हणाला, ताई."

"तुमी गळ्यात पट्टा घालून दारात उभं ऱ्हायलात. त्याला वाटलं, बाहेरच्यांना हुडकायला आलाय कोनी. मग काय सांगंल त्यो?"

"मग विचारायचं कसं?"

"खुर्चीत बसून. मानंला टावेल गुंडाळलेल्या मान्साला कोन भितं?"

महिनाअखेरीला नोंदी बंद होणार होत्या. मी सगळी सलूनं पुन्हा केली, या वेळी खुर्चीत बसून. पहिल्या दुकानात दाढी केली. दुसऱ्यात दाढी उरली नव्हती, म्हणून केस कापले. तिसऱ्यात आणखी कापले. चौथ्याला मिशीचं एक टोक दिलं. पण हात डोक्यावर आला की कारागीर खरं बोलायला लागतो, हे मात्र खरं निघालं. एका दुकानात तेलुगू निघाली, दुसऱ्यात राजूरकडच्या डोंगरातली बोली. "हे लिहायचं असतं व्हय?" असं विचारून त्या राजूरच्या माणसानं मला चहा पाजला.

छोटेलालकडं शेवटच्या दिवशी गेलो. त्यानं माझं डोकं सगळ्या बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "किससे दुश्मनी हुई?" मी म्हणालो, जे उरलंय ते बघा, पण घरात कोणती भाषा बोलता तेवढं खरं सांगा. त्यानं आधी डोक्यावर पाणी मारलं.

"घर में भोजपुरी. पढ़ना हिंदी. मराठी मी बोलतो ना, सबसे बोलतो. लेकिन वो पेपर की मराठी तो हमारे सेठ को भी नहीं आती." मग हळूच म्हणाला, "हिंदी लिखवाया तो कोई वापस तो नहीं भेजेगा?"

"हिंदी लिहिली नाही, तर जावं लागेल," मी म्हणालो. मीही बाहेरगावचाच, हेही सांगितलं. पुणतांबा म्हटल्यावर तो हसला. त्याच्या हिशेबात ते बाहेरगाव नव्हतं.

मी टॅबवर हिंदी लिहिलं. त्यानं ते वाकून वाचलं आणि सांगितलं, की हे डोकं आता सारखं होणार नाही, सगळंच काढावं लागेल. मी आनंदात होतो. म्हणालो, काढा.

"मूँछ भी? घर में सब ठीक है ना?"

"एकदम ठीक," मी म्हणालो. केवढा आपुलकीचा माणूस, असंही मनात आलं.

पेपर हिंदीतही निघाला. छोटेलाल पास झाला, खुर्ची त्याचीच राहिली. नगरात आता रस्त्यानं जाताना चार दुकानांतून मला हाका येतात. टॅबवर चाचणीसाठी स्वतःची नोंद करताना मूळ गावापुढं मी पुणतांबा लिहितो, तेव्हा बोट अडत नाही. हल्ली सध्याच्या पत्त्यापुढंही अडत नाही, आणि त्याचं वाईट वाटत नाही. दोन्हीकडं माझी वाट बघणारं कुणीतरी आहे, एवढं मला पुरतं.

पण हे शहाणपण नंतरचं. त्या शेवटच्या नोंदीच्या दुसऱ्याच दिवशी मी गावी गेलो, या वेळी योग्य गाडीनं. स्टेशनाबाहेर चहावाल्यानं मला बघून रेडिओ बंद केला. शेजारच्या तात्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "कवा झालं?"

"कालच. महिनाअखेर होती ना."

"लई तरास झाला का?"

"लई. पण सुटलो एकदाचा."

तात्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, गावाला माझ्या नोकरीची केवढी काळजी. ते माझ्यामागून निघाले, त्यांच्यामागून आणखी चार-पाच जण, माना खाली घालून. घरी आलो तर आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी माझ्या डोक्याकडं बघितलं, मिशीच्या जागेकडं बघितलं, मागच्या मंडळींकडं बघितलं. हातातली शेंग फोडून दाणे तोंडात टाकले.

"मी हाय अजून जिता," आबा म्हणाले. "पन तू एवढं उरकूनच आलायस, तर तेरावं कवा ठेवलंय ते सांग. मी बी येतो जेवायला."