खोल्या दोन, बुकिंग ऑफिस लक्ष्मीबाई नगर

किस्से साठतात कसे, तर घरातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे. मुद्दाम कोणी जमवत नाही. एका पिशवीत दुसरी कोंबत जातो आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात. आमच्या तिघांचं हल्ली तसंच झालंय.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. परब केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, राहायला दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. फरीदा मुकादम मूळची रत्नागिरीची, हरियाणात मानेसरला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात एचआर. आणि मी पुण्याचा, गाझियाबादहून नोएडाला जाऊन सॉफ्टवेअर लिहिणारा. समुद्राशी माझा संबंध सुट्टीपुरता. दर रविवारी परबाकडे चहाला जमायचं, एवढाच आमचा धर्म.

परबाचं गाव सिंधुदुर्गात, खाडीच्या तोंडाशी. तिथे त्याचे दादा आणि वहिनी राहतात. दादांचे गुडघे गेले तेव्हा त्यांचा मुलगा निलेश विरारहून आला आणि म्हणाला, "बस झालं आता. घराला कुलूप लावा आणि माझ्याकडे चला."

वहिनी म्हणाल्या, "दोन सिझन दी माका. दोन खोल्यो पाहुण्यांका देतंय. भरल्यो तर आमी हयच. नाय भरल्यो तर कुलूप मी सवता लावतंय."

आता पाहुणे आणायचे कुठून? मुंबईचे लोक मालवण-तारकर्लीला जातात, या गावाकडे कोणी वळत नाही. परब म्हणाला, "दिल्लीत दोन कोटी माणसं धुरात खोकतायत. त्यातली चार नाही का मिळणार?" अशा रीतीने त्या दोन खोल्यांचं बुकिंग ऑफिस खाडीपासून दीड हजार किलोमीटरवर, लक्ष्मीबाई नगरात उघडलं.

०

पहिलं काम माहितीपत्रकाचं. परब म्हणाला, ड्राफ्टिंगमध्ये माझा हात कोणी धरू शकत नाही. आम्ही त्याच्यावर सोडलं. पुढच्या रविवारी त्याने कागद समोर ठेवला.

"समुद्र निवासस्थानापासून चारशे पावलांवर उपलब्ध आहे. सूर्यास्त दररोज सायंकाळी राहील. भरती-ओहोटीच्या वेळांत पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो. नारळाच्या झाडाखाली बसणे स्वतःच्या जबाबदारीवर."

फरीदाने दोनदा वाचलं. म्हणाली, "परब, हे वाचून माणूस फिरायला नाही येणार, आरटीआय टाकेल."

परबाचं तोंड उतरलं. पण नारळाचं वाक्य त्याने काढू दिलं नाही. त्याच्या एका मामाच्या डोक्यात पडला होता म्हणे. ते अजून छापील आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त फोटो त्याच वाक्याचे काढले जातात.

०

पहिले पाहुणे माझे. गाझियाबादचे आमच्या सोसायटीतले त्यागी नवरा-बायको, शुद्ध शाकाहारी. आता कोकणात शुद्ध शाकाहारी म्हटलं की लोकांना वाटतं, स्वयंपाकीण हात बांधून बसणार. वहिनींनी मात्र कंबर कसली. काजूची उसळ, फणसाची भाजी, आंबोळ्या, आणि पितळी गडूभर सोलकढी.

त्यागींनी सोलकढी पाहिली आणि खूश झाले. "वाह, गुलाबी लस्सी!" असं म्हणून त्यांनी साखरेचा डबा मागवला. तीन चमचे घातले, ढवळलं, गटागट प्याले. वर ग्लास पुढे केला.

वहिनी मागच्या दारी निघून गेल्या. संध्याकाळी त्यांचा परबाला फोन. "भावजी, सासूबाई गेल्ये तेवा मी इतक्या रडूक नाय."

त्यागी मात्र अजून लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "भाई साहब, वो लस्सी की रेसिपी मिलेगी?" मी मान हलवतो आणि माझा मजला यायची वाट बघतो.

०

खरी पंचाईत दादांची. मनुष्य देवमाणूस, पण खोटं बोलता येत नाही, आणि अर्धवट खरं तर मुळीच नाही. पर्यटनाच्या धंद्यात हा फार मोठा दोष आहे.

फरीदाच्या ओळखीचे एक साहेब गुडगावहून गेले. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी दादांना विचारलं, "अंकल, यहाँ देखने लायक क्या है?"

दादांनी प्रामाणिकपणे विचार केला. "खास कुछ नहीं. समुंदर है. वो पहले से है."

"डॉल्फिन दिखती है?"

"कल दिखी थी."

"और आज?"

"आज आप आए."

साहेब हसले, पण निलेशला हे कळलं तेव्हा तो हसला नाही. त्याने परबाला फोन केला. "काका, बाबाच सांगतायत की काही नाही बघायला. मग आपण कशासाठी हट्ट धरलाय?" पहिला सिझन अर्धा-अधिक रिकामाच गेला होता.

०

मग फरीदाने सूत्रं हातात घेतली. एचआरची बाई ती, तिचा ट्रेनिंगवर फार विश्वास. व्हिडिओ कॉलवर वहिनींना तासभर समजावलं. गेस्ट म्हणजे काय, सर्व्हिस म्हणजे काय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फीडबॅक फॉर्म. पाच स्टार, खाली शेऱ्यासाठी जागा. प्रत्येक गेस्टमागे एक फॉर्म भरलाच पाहिजे. वहिनी म्हणाल्या, समजलं.

दोन महिन्यांनी फॉर्मचा गठ्ठा कुरियरने आला. फरीदाने उत्साहाने पाकीट फोडलं आणि दोन-तीन फॉर्म वाचून अक्षर ताडून पाहिलं. सगळे फॉर्म वहिनींच्याच अक्षरात होते.

"श्री. मेहता. दोन स्टार. ताटात टाकतात. सौ. मेहता. पाच स्टार. आपलं ताट आपण उचललं, माझ्याबरोबर भाजी निवडली. मेहतांची मुलगी. तीन स्टार. गोड आहे, पण दुपारी बारापर्यंत झोपते. लग्न कसं होणार."

फरीदाने फोन लावला. "वहिनी, हे उलटं झालं. गेस्टनी तुम्हाला स्टार द्यायचे असतात."

वहिनी म्हणाल्या, "घर माजा. मग परीक्षा माजी कशाक?"

फरीदा त्या दिवशी चहा न पिताच उठली. पण मेहतीणबाईंना कोणीतरी त्यांचे पाच स्टार कळवले असणार. त्या तीनदा जाऊन आल्या. मेहतांना घेऊन गेल्या नाहीत.

०

तरी दुसरा सिझन सुरू झाला तो मंदच. दिवाळीचा आठवडा मोकळा गेला. निलेशने सांगून टाकलं, डिसेंबरात टेम्पो घेऊन येतो, सामान बांधून ठेवा. आमच्या हातात एकच मोठं बुकिंग होतं. फरीदाच्या कारखान्यातला सुपरवायझर चौधरी, मानेसरचाच राहणारा. त्याची म्हातारी आई, बायको, मुलं, भाऊ, भावजय मिळून नऊ जण, चार दिवस, दोन्ही खोल्या. हे नीट पार पडलं तर निलेशशी बोलायला तोंड होतं. रेल्वेची तिकिटंही कन्फर्म झाली.

आणि वहिनींचा फोन आला. "भावजी, देवान कौल दिल्यान. गुरवारी सगळो गाव भायर."

परबाने कपाळावर हात मारला. त्यांच्याकडे दर काही वर्षांनी गावपळण असते. कधी, ते देव ठरवतो. देवाचा कौल झाला की अख्खं गाव घरांना कुलपं लावून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कुत्री, टोपलीत घालून कोंबड्यासुद्धा. तीन रात्री गावात कोणी म्हणजे कोणी राहायचं नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि देव हो म्हणाला तरच परत शिरायचं. परबाला केंद्र सरकारच्या सुट्ट्यांची यादी तोंडपाठ, आणि हीच एक सुट्टी त्या यादीत नव्हती. चौधरी मंडळी पोचणार होती ती नेमकी गुरुवारीच.

परब चाचरत म्हणाला, "वहिनी, तारीख जरा पुढे घेता येईल का?"

"तुमच्या मंत्र्याक विचारा तसला. देवाक नाय."

शेवटी फरीदाने चौधरीला खरं काय ते सांगितलं. तो गोंधळला. "मतलब, होटल बंद है?"

"होटल नहीं, चौधरीजी. पूरा गाँव बंद है."

त्याने फोन आईकडे दिला. फरीदाने पुन्हा सगळं समजावलं. अम्मा म्हणाल्या, "सारा गाम जा रह्या सै? फेर तो हम भी चालांगे."

परबाला रजा मिळाली नाही, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेलो.

०

कुडाळला उतरून जीपने आम्ही खाडीच्या अलीकडे पोचलो. पलीकडे गाव सुनं. अलीकडे माळावर झावळ्यांच्या राहुट्या, चुली, गुरं, पोरांची पळापळ. वहिनींनी आमच्यासाठी दोन राहुट्या उभ्या केल्या होत्या. घरावरची होमस्टेची पाटी काढून आणून त्यांनी एका राहुटीला सुंभाने बांधली होती. खाली तेच लिहिलेलं, "चेक-इन दुपारी बारा."

अम्मांनी आल्या आल्या दादांच्या गाईकडे पाहिलं. हरियाणातल्या म्हशी बघितलेली बाई. म्हणाल्या, "ये गाय है या बछड़ी?"

वहिनींना हिंदी बेताचंच कळतं, पण एवढं कळलं. त्यांनी तोंड फिरवलं. तासाभराने मी बघतो तर दोघी त्याच गाईच्या दोन बाजूंना. अम्मा धार काढतायत आणि वहिनी गाईला चुचकारतायत. त्यानंतर अम्मा पाहुण्या राहिल्याच नाहीत. चुलीवर भाकऱ्या-रोट्या एकत्र पडू लागल्या. चौधरीची मुलं दिसेनाशी झाली, फक्त जेवायला उगवायची. चौधरी स्वतः दादांबरोबर खाडीत गळ टाकून बसला. त्याला एकही मासा लागला नाही. इतका खूश माणूस मी पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी निलेश आला. टेम्पो घेऊन.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हे मला आधी सांगायला हवं. बापाचे गुडघे, आईचं वय, दवाखाना लांब. तो रागावलेलाही नव्हता. म्हणाला, "आई, घराला कुलूप लागलेलंच आहे. सामान बांधलेलंच आहे. पुन्हा आत जाऊन काय करायचं? इथूनच चल."

वहिनी चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "देवान तीन दिसांसाठी भायर काढल्यान. तू कायमचा काढतंस."

दादा आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. अम्मांनी मला हळूच विचारलं, काय झालं? मी सांगितलं. सांगायला नको होतं की काय, असंही वाटलं.

अम्मांनी निलेशला जवळ बसवलं. त्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "बेटा, हमारा गाम भी खाली हुआ था. पैसे भी मिले, कोठी भी बनी. जहाँ मेरा चूल्हा था, वहाँ अब फैक्टरी की पार्किंग है. वापस जाना है क्या, ये किसी ने पूछा ही नहीं. न सरकार ने, न देवता ने."

चौधरी त्याच पार्किंगमध्ये रोज गाडी लावतो. तो खाडीकडे बघत राहिला. मी उगीचच कोंबड्यांना पाणी द्यायला उठलो.

निलेश त्यावर हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. मुक्काम मात्र केला.

चौथ्या दिवशी सकाळी गावकरी देवळात कौल घ्यायला गेले. बाकी सगळे वेशीवर उभे. वहिनी हात जोडून, अम्माही हात जोडून. माणूस धावत आला, कौल झाला म्हणाला, आणि एकदम गलका उठला. अम्मांचा चेहरा जरा पडला. त्या एक दिवस वाढवून मागत होत्या, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

विरारसाठी आणलेल्या टेम्पोत कोंबड्यांच्या टोपल्या चढल्या, भांडी चढली, चारा चढला. दादांना पुढे बसवलं, त्यांच्या शेजारी अम्मा. निलेशने गाडी सुरू केली आणि गावाच्या दिशेने वळवली.

०

जानेवारीत फरीदाच्या कारखान्यातल्या आणखी एका कुटुंबाला जायचं होतं. तिने वहिनींना फोन लावला, तर उचलला निलेशने.

"रूम नाही, ताई."

"एकही नाही?"

"एकही नाही."

फरीदाला वाटलं, याने सगळं आवरून टाकलं. आवाज सांभाळत तिने विचारलं, "तू विरारहून बोलतोयस का?"

"नाही," निलेश म्हणाला, "पडवीतून. माझ्या खोलीत पाहुणे आहेत."