कोमट पाण्याचा खर्च

कारखान्याच्या दवाखान्यातली शेगडी मी बंद करवली. कोळसा वाचवायला नव्हे, सिस्टरला धडा शिकवायला.

सूडाचं कारण ऐकाल तर हसाल. जबलपुरात तोफगोळ्यांच्या कारखान्यात मी कॉस्टिंगचा बाबू. एका गोळ्याला लोखंड किती, मजुरी किती, वीज किती, हे मांडायचं माझं काम. एकदा फायलीची टाचणी बोटात घुसली, रक्ताचा थेंब आला, आणि मी बाबूपणाच्या तोऱ्यात दवाखान्याच्या रांगेत सरळ पुढे जाऊन उभा राहिलो. सिस्टर आमच्यातलीच, नागपूरकडची. भाजलेल्या-कापलेल्या माणसांसमोर म्हणाली, "टाचणीनं कोणी मरून नाही राहिलं, बाबू. मागे व्हा."

अख्खी रांग हसली. दुसऱ्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये माझं नाव 'पिनबाबू'.

पुढे लढाई लागली, ओव्हरटाइम आला, जखमा वाढल्या. साहेबांनी विचारलं, एका पट्टीचा खरा खर्च किती? कामगार तिथे इतका वेळ बसतात कशाला? मोजून द्याल? त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो होतो.

मशीन शॉपमधलं स्टॉपवॉच घेऊन ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात स्टूल टाकलं. कापूस, पट्टीचं जाळीदार कापड, औषध, सिस्टरचा पगार, सगळं मांडलं. सर्वांत जास्त वेळ खात होतं ते चिकटलेली जुनी पट्टी भिजवणं. शेगडीवरचं कोमट पाणी सिस्टर थेंबथेंब सोडायची आणि बसून राहायची. समोरचाही बसलेला. मी लिहिलं, 'काम बंद.' शेगडी काढावी, पट्टी कोरडीच ओढावी, अशी शिफारस ठोकली. साहेबांनी सही केली.

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम दवाखान्यावरून जायचो. आत माणसं ओरडायची. मला त्यात सिस्टरची हार तेवढी ऐकू यायची. गोड लागायची, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरात हिशेब उलटला. ओढलेल्या जखमा पुन्हा उघडत, आठवड्यात बरा होणारा माणूस पंधरवडाभर येत राही, तिकडे त्याचं लेथ रिकामं. पट्टी स्वस्त झाली होती, बरं होणं महाग. मला ते आकड्यांत लख्ख दिसत होतं. तरी वाढलेल्या खर्चापुढे 'कापूस महागला' असं लिहून मोकळा झालो. शेगडी परत देणं म्हणजे तिला जिंकू देणं!

मग ब्लॅकआउटच्या अंधारात मदन महलच्या खडकाळ उतारावर मी आणि माझी सायकल वेगवेगळ्या दिशांना गेलो. गुडघा सोलला. दोन दिवसांत घरीच बांधलेली पट्टी जखमेला अशी चिकटली की दवाखान्यात जावंच लागलं. या खेपेला रांगेत शेवटी उभा राहिलो.

"या बाबू," म्हणत सिस्टरनं पट्टीचं टोक चिमट्यात धरलं.

"सिस्टर, थोडं कोमट पाणी..."

"काहून? तुम्हीच तर बंद केलं ना!"

"आजच साहेबांना सांगतो. खरा खर्च सांगतो, कापसाचं खोटं होतं तेही सांगतो. उद्या शेगडी पेटेल."

मागची रांग कान देऊन ऐकत होती. आता शब्द फिरवायची सोय नव्हती.

"अच्छा," ती म्हणाली, "मग उद्यापासून भिजवू." आणि ओढली.

माझा आवाज गेटवरच्या शिपायापर्यंत गेला म्हणतात. सिस्टरनं शांतपणे कापूस उचलला.

"ओरडा, पिनबाबू. ओरडायला कोळसा नाही लागत."