हुस्नाबानोने शेवटपर्यंत ऐकलेलं पहिलं गाणं

कामरगावात स्पीकर फाटला की माणसं जमशेदभाईचं दुकान विचारत येतात. पाटीवर नावही त्यांचंच आहे. पण आलेला स्पीकर खोक्यातून निघतो तो सरळ दुकानातल्या पडद्यामागे जातो, आणि तिथे बसलेली असते त्यांची बायको हुस्नाबानो. जमशेदभाईंची नजर चाळिशीतच अधू झाली. केसाएवढी तांब्याची तार दिसेनाशी झाली, तेव्हापासून, म्हणजे गेली एकोणीस वर्षं, कॉईलचं सगळं काम तिच्या हातचं आहे.

काम बारीक. जळकी कॉईल कापून काढायची, हाताने फिरवायच्या चरकीवर नवी तार गुंडाळायची, वेढे मनात मोजायचे. मग ते तारेचं वेटोळं, ती कॉईल, चुंबकाच्या अरुंद खाचेत अगदी मधोमध उभं करायचं. त्यासाठी हुस्नाबानो जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या चिंचोळ्या पट्ट्या कापून चारी बाजूंनी खाचेत सरकवते, स्पीकरचा शंकूसारखा कागदी पडदा चिकटवते आणि गोंद वाळला की पट्ट्या एकेक करून अलगद ओढून घेते. इथे जरा चुकलं की कॉईल कडेला घासते आणि स्पीकर खरखरतो. तिने भरलेला स्पीकर खरखरत नाही, हे कारंज्यापासून मानोऱ्यापर्यंतच्या डीजेवाल्यांना माहीत आहे. तिला मात्र त्यांच्यातलं कोणी चेहऱ्याने ओळखत नाही.

स्पीकर झाला की तपासायचा. एखादं दणदणीत गाणं लावायचं, कान जवळ न्यायचा, वीस-पंचवीस सेकंद खरखर येते का बघायचं, नाही आली की बंद. दिवसाला पाच-सहा गाण्यांची अशी सुरुवात तिच्या कानावरून जायची. उरलेलं गाणं गिऱ्हाइकाचं.

सहा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत बदलून आलेल्या सुचिता मॅडम वर्गातला छोटा स्पीकर दुरुस्तीला घेऊन आल्या, तेव्हा पडद्यामागून आवाज आला, "मॅडम, याच्यात जोराचं काई लावून पाहा बरं. पोरायच्या कवितेनं समजत नाई."

सुचिता मॅडमने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. अमरावतीला डी.एड. करताना होस्टेलवरच्या एका मुलीने त्यांना रॉकची एक सीडी दिली होती. त्या दिवसापासून त्यांना जे वेड लागलं ते चाळिशी आली तरी उतरलं नव्हतं. नवऱ्याचं त्या गाण्यांनी डोकं दुखायचं, शाळेत तर विषयच नाही. त्या कानात वायर घालून एकट्याच ऐकायच्या. गाणं सुरू झालं आणि हुस्नाबानोने पडदा बाजूला केला.

"हे ढोल कोन वाजवून राह्यलं? याच्यानं तं स्पीकरची पूरी जान समजते!"

पेनड्राइव्ह दुकानातच राहिला. मॅडम शाळा सुटल्यावर येऊन बसू लागल्या. तिसरी पंचफुलाबाई. तिचं माहेर इंझोरीचं, सासर इथलंच. गावाला लागून दीड एकर बागाईत, त्यातली मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी घेऊन ती दुकानासमोर बसायची आणि ऊन चढलं की टोपलं झाकून आत पंख्याखाली यायची. तिघींचं जमलं ते असं. एक स्टुलावर, एक पोत्यावर आणि एक पडद्याच्या आत.

एक तक्रार मात्र हुस्नाबानोची कायम असायची. "मॅडम, तुमच्या पेनड्राइव्हमधले अर्धे गाणे खराब हायेत. गाण्यातच खरखर हाय. मी घाबरते ना, वाटते मीच काम बिघडवलं."

"भाभी, ते तसंच असते," मॅडम हसून म्हणायच्या.

"असं कसं असते? कोनं तरी हलकी कॉपी मारून देली तुमाले."

तीन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, नागपूरला दोन दिवसांचा रॉकचा महोत्सव ठरला. बंगळूरूहून एक बँड येणार होता, त्याची सात-आठ गाणी त्या पेनड्राइव्हमध्ये होती. सुचिता मॅडमने आयुष्यात एकदाही असा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला नव्हता. जायला सोबत नाही, हेच कारण. त्या दिवशी त्या दुकानात आल्या आणि स्टुलावर न बसता उभ्याच राहिल्या.

"भाभी, तुमी येता का संगं?"

हुस्नाबानोला आधी वाटलं, मॅडम कारंज्याच्या बाजाराचं म्हणताहेत. समजलं तेव्हा तिने चरकी थांबवली. "मी? तिथं माहं काय काम?"

"ऐकाचं. दुसरं काय!"

तिने जमशेदभाईंकडे पाहिलं. घरात त्यांची बोली हिंदी. ते हातातला सोल्डरिंगचा पेन खाली ठेवत म्हणाले, "जाव ना. मैं क्या रोटी नहीं बना सकता? बस उनका मॅग्नेट कित्ता बडा है, वो देखके आना."

पंचफुलाबाई दारातून म्हणाली, "अन् मी? मी काय इथं भेंड्या तोडत बसू? माहं बी तिकीट काढ व मॅडम."

शनिवारी पहाटेच्या एसटीने तिघी निघाल्या. अमरावतीला गाडी बदलली. पंचफुलाबाईने भाकरी, ठेचा आणि तेलात परतलेली वांगी बांधून घेतली होती. सामान नागपुरात मॅडमच्या बहिणीकडे टाकून त्या दुपारी तीनला मैदानावर पोचल्या. फाटकावर रांग होती, सगळी विशी-पंचविशीतली पोरं-पोरी, अर्ध्यांचे कपडे काळे. पुढच्या मुलीचे केस मोरपंखी निळे होते. पंचफुलाबाईने तिच्या खांद्याला हात लावून विचारलं, "पोरी, हे काय लावते व तू केसाले? मी मेंदी लावतो तं नारिंगी होते." मुलगी खळखळून हसली आणि फाटकापर्यंत तिने पंचफुलाबाईला नाव, भाव, केसांवर किती वेळ ठेवायचं, सगळं समजावून सांगितलं.

हुस्नाबानोचं तिकडे लक्ष नव्हतं. तिला मंच दिसला होता. मंचाच्या दोन्ही अंगांना, तीन मजले उंचीवर, साखळ्यांनी टांगलेल्या काळ्या पेट्यांच्या माळा होत्या, वरून सरळ आणि खाली येता येता आत वळलेल्या. तिने मोजल्या. चौदा इकडे, चौदा तिकडे. खाली जमिनीवर पलंगाएवढ्या आणखी बारा. एकेका पेटीत दोन-तीन कॉईल धरल्या तरी किती होतात, हा हिशेब करता करता ती जागीच उभी राहिली.

"मॅडम, एवढ्या साऱ्या एका टायमाले वाजतीन?"

"हो."

"अन् एकबी घासनार नाई?"



पहिल्यांदा आला तोच बंगळूरूचा बँड. ड्रमवर एक बारकी मुलगी बसली, दंड उघडे, केस वर बांधलेले. तिने काड्या एकमेकींवर चारदा वाजवल्या आणि पाय मारला.

तो ठोका हुस्नाबानोला कानाने आला नाही. आधी तो छातीच्या हाडाला लागला, मग तळपायाखालची माती हलली, खांद्यावरची ओढणी वारा नसताना थरथरली, आणि मग कानाला कळलं की आवाज झाला. शेजारी पंचफुलाबाईने "अवं माय!" म्हणून तिचं मनगट धरलं. हुस्नाबानोने डोळे मिटले. सवयीने तिचा कान आवाजाच्या आत शिरला आणि कडा शोधू लागला. डावीकडची माळ, उजवीकडची माळ, खालच्या पेट्या. कुठेच काही नव्हतं. इतका मोठा आवाज आणि काचेसारखा स्वच्छ. 

गाणं ओळखीचं होतं, तिने ते शंभरदा लावलं असेल. पंचवीस सेकंद झाले आणि तिचा उजवा हात आपोआप पुढे गेला, बटण बंद करायला. हात हवेतच राहिला. गाणं पुढे गेलं.

पुढे गेलं आणि वळलं. दणदणाट हळूहळू उतरला, ड्रम थांबले, एकच गिटार राहिली, पाण्याचे थेंब पडावेत तशी एकेक तार वाजू लागली. गाणारा मुलगा अगदी हळू, जवळ बसून बोलावं तसं गाऊ लागला. हजारो माणसांचं मैदान गप्प. मग मागून ड्रमची ती मुलगी एकेक पायरी चढत आली, बाकीचे तिच्यामागे आले आणि सगळं मिळून असं उसळलं की पोरांनी दोन्ही हात वर टाकले. संपलं तेव्हा हुस्नाबानोचे गाल ओले होते आणि तिला ते कळलंही नव्हतं.

"मॅडम, हे मधातलं... हे मधातलं कधी घातलं त्यायनं?"

"भाभी, ते तं पयल्यापासूनच होतं. तुमी बंद करत होत्या."

 हुस्नाबानोला आठवतही नव्हतं, शेवटचं अख्खं गाणं तिने कधी ऐकलं होतं. लग्नाआधी कधीतरी, रेडिओवर.

तिसऱ्या गाण्याला ती एकदम ताठ झाली. एक उंच पोऱ्या गिटार वाजवत होता, गोड, मोकळी. आणि अचानक ती फाटली. चरचरली, खरखरली, कागदी पडदा उभा चिरत जावा तशी.

"गेली! कॉईल गेली!" हुस्नाबानो ओरडली आणि उजवीकडच्या माळेकडे चालूच लागली, जणू तिथे जाऊन शिडी मागणार होती. मॅडम तिच्यामागे, पंचफुलाबाई मॅडमच्या मागे. गर्दीतली पोरं वाट देत गेली, "आंटी, आओ, आओ," आणि तिघी थेट लोखंडी कठड्याला जाऊन लागल्या. मंच आता वीस पावलांवर होता. गिटार अजून फाटकीच वाजत होती, आणि त्या पोऱ्याच्या चेहऱ्यावर काळजीचं नाव नव्हतं. त्याने डोळे मिटून मान मागे टाकली होती.

"भाभी, त्याच्या पायाकडे पाहा," मॅडम तिच्या कानाशी ओरडल्या.

पायापाशी विटेएवढी लोखंडी डबी होती. त्याने बुटाच्या टोकाने ती दाबली, गिटार स्वच्छ झाली. चार सूर झाले. परत दाबली, परत फाटली, आणि मैदानाने आरोळी ठोकली.

हुस्नाबानो कठडा घट्ट धरून त्या बुटाकडे बघत राहिली. दाबलं की स्वच्छ, दाबलं की फाटकं. "जानूनबुजून?" तिने विचारलं.

"जानूनबुजून."

"खरखर पायजे म्हनून?"

"हो भाभी. तेच तं मी तीन वर्षं झाले सांगून राह्यली तुमाले."

आधी तिला थोडा रागच आला. त्या खरखरीपायी तिने डोळे फोडले होते, ईदच्या आदल्या दिवशीही पट्ट्या ओढत बसली होती. पण तो पोऱ्या पुन्हा वाजवू लागला आणि ती ऐकू लागली. त्या फाटक्या आवाजात रडणं होतं, चिडणं होतं, आईला मारलेली हाक होती. स्वच्छ सुरात ते बसलंच नसतं. आणि तो फाटका आवाज त्या अठ्ठावीस पेट्या जसाच्या तसा, स्वतःचा एक कण न मिसळता, मैदानाच्या टोकापर्यंत नेऊन देत होत्या. हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती पुटपुटली, "या अल्ला, कोनं बनवल्या असतीन ह्या?"

दिवस कलताना मधली सुट्टी झाली. मैदानाच्या मध्यभागी आवाज सांभाळणाऱ्यांचा तंबू होता. हुस्नाबानोने मॅडमना तिथे ओढत नेलं. कानावर हेडफोन लावलेला, दाढीवाला एक जण चहा पीत होता. तिने सरळ विचारलं, "भैया, ह्या टांगलेल्या पेट्यायची कॉईल जळली तं कोन भरते?"

तो गोंधळला. मॅडमने ओळख करून दिली, या काय काम करतात ते सांगितलं. त्याने कप ठेवला. "आम्ही बदलतो फक्त, मावशी. नवा येतो, जुना परत जातो. आत काय असतं ते मी उघडून कधी पाहिलं नाही."

मागच्या पेटाऱ्यातून त्याने एक जादाचा स्पीकर काढून तिच्यापुढे धरला. परातीएवढा. हुस्नाबानोने हात ओढणीला पुसले, दहाही बोटं पडद्यावर गोल ठेवली आणि हलकेच खाली दाबलं. पडदा लोण्यात जावा तसा गेला, वर आला. तिने पुन्हा दाबलं. आजूबाजूला रोषणाई सुरू होत होती, लोक वडापाव खात होते, आणि ती डोळे मिटून उभी होती.

"मशीनचं काम असंन," शेवटी ती म्हणाली. "पन मशीन लावनारा हात लय मोठा हाय." मग तिने त्या दाढीवाल्याला जमिनीवर बसवलं आणि कागदाच्या कपावर धागा गुंडाळून कॉईल आत कशी असते, चुंबक कुठे, खाच कुठे, ते दाखवलं. त्याने आपल्या दोन सोबत्यांनाही बोलावून घेतलं. पंचफुलाबाईने तेवढ्यात भाकरी सोडली आणि सगळ्यांच्या हातावर चतकोर-चतकोर ठेवली.

घरी आल्यावर जमशेदभाईंनी पहिलं विचारलं, "मॅग्नेट?"

तिने दोन्ही हातांनी आकार दाखवला. ते बराच वेळ त्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. पुढच्या वर्षी तेही आले, आणि ड्रमच्या पहिल्या ठोक्याला इतके दचकले की चष्मा पडला.

तेव्हापासून थंडीत कुठे ना कुठे जाणं ठरलेलंच आहे. दुकानातही बदल झाला: स्पीकर तपासायला लावलेलं गाणं आता संपेपर्यंत बंद होत नाही. गिऱ्हाईक उभं राहतं, कुरकुर करतं. जमशेदभाई त्याला स्टूल देतात.

मागल्या जानेवारीत तिघी पुण्याला गेल्या. रेल्वेचा चौदा तासांचा प्रवास, पंचफुलाबाईचे गुडघे धरलेले. संध्याकाळी ईशान्येकडच्या डोंगरातला एक बँड आला. पाच पोरं आणि मध्ये नऊवारीसारखं काहीतरी गुंडाळलेली एक म्हातारी. ती एकटीच गाऊ लागली, लांब, वर चढत जाणारी हाक, आणि पोरांनी खालून हळूहळू गिटारी लावल्या. भाषेचा एक शब्द कळत नव्हता. पंचफुलाबाई गुडघे विसरून उभी राहिली होती.

"काय म्हनून राह्यली व ती?" तिने विचारलं.

"मले काय माहीत," हुस्नाबानो म्हणाली. "चूप. आयक."