पितरांच्या पंगतीत नीराबाई

नीराबाई मेल्याची बातमी नीराबाईला कळली ती अंगणात भांडी घासताना. तिची नणंद गोदूबाई न्हावा शेव्याहून दोन एसट्या बदलून आली आणि वाडीच्या वळणापासूनच तिनं असा हंबरडा फोडला की शेजारच्या बायका हातातली कामं टाकून धावल्या. छाती पिटत ती अंगणात शिरली. समोर वहिनी राखेनं हंडा घासत बसलेली. गोदूबाईनं हंबरडा अर्ध्यावर सोडला आणि वहिनीचा दंड चाचपून पाहिला. नीराबाईनं घाबरून विचारलं, कोण गेलं गं? गोदूबाई म्हणाली, तूच गेलीस.

आधी फोन करून विचारावं, एवढंही तिला सुचलं नव्हतं. मेलेल्या बाईला फोन कोण करतं? बायका हसून हसून लोळायला आल्या, नीराबाईही हसली. मग गोदूबाईनं कमरेच्या बटव्यातून एक घडी घातलेलं पत्रक काढलं. तिचा नवरा कंटेनरच्या यार्डात कामाला होता, तिथल्या कॅन्टीनमध्ये दानपेटी ठेवली होती आणि पेटीजवळ ही पत्रकं. पत्रकावर नीराबाईची तेरा वर्षांची मृणाली, दोन वेण्या घालून, शाळेच्या गणवेशात. तिच्या हातात फ्रेम, फ्रेमला चंदनाचा हार आणि हारामागे नीराबाई. खाली मोठ्या अक्षरात छापलं होतं, ‘मृणालीची आई देवाघरी गेली. तिची आई व्हाल?’

नीराबाईचं हसू तिथंच संपलं. फोटो ओळखीचा होता. मृणालीला ठेवलं होतं त्या आश्रमाच्या प्रवेशअर्जावर तिनं स्वतःच्या हातानं चिकटवलेला तो तिचा फोटो.

चार वर्षांमागं तिचा नवरा हरेश्वर ट्रेलर उलटून गेला. दिवाळी सरली की पाऊस येईपर्यंत नीराबाई मिठागरावर, राहणंही तिथंच, बांधावरच्या झोपडीत. तिथं कसली शाळा आणि कसला मास्तर? तेव्हा रश्मीताई आपणहून घरी आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, स्वच्छ सुती साडीतल्या, गोड बोलणाऱ्या, अलिबागच्या आपल्या म्हाताऱ्या आईचं कौतुक सांगणाऱ्या. रेवसच्या रस्त्याला त्यांचा बालाश्रम. आईबाप दोन्ही नाहीत अशी अकरा मुलं तिथं होती, पण एकटी आई असेल तर तिचंही मूल आम्ही घेतो, असं त्यांनी सांगितलं. नीराबाईनं त्यांचे पाय धरले होते. आता ते आठवलं की तिला स्वतःच्याच हातांचा संताप यायचा.

दुसऱ्या दिवशी ती आश्रमात गेली. रश्मीताई जराही गडबडल्या नाहीत. त्यांनी चहा मागवला आणि समजूत घातली की लोकांच्या डोळ्यांत पाणी आल्याशिवाय हात खिशाकडे जात नाही, मृणाली बोलते छान, दिसते छान आणि त्यावर बाकीच्या अकरा लेकरांचीही पोटं भरतात. मग हसून म्हणाल्या, “अहो, नुसता फोटो तो. तुम्ही काय खऱ्या मेलात थोड्याच?”

ते ‘थोड्याच’ नीराबाईच्या जिव्हारी लागलं. तरी ती मुलीकडे गेली. मृणालीनं तिला पायरीआड ओढलं. कार्यक्रमांत मी तसंच म्हणते, आई नाही म्हणून. नाही म्हटलं तर शाळा सुटेल, ताई म्हणाल्यात. तू इथं कुणाशी बोलू नको आणि लवकर जा. एवढं सांगून पोर आत पळाली. आईला आई म्हणायची चोरी!

नीराबाई त्या दिवशी रेवसपासून घरापर्यंत चालत आली. अंगाची नुसती लाही होत होती. भावकी म्हणाली, आश्रमासमोर जाऊन बोंब मार. ती म्हणाली, न्हाय. बोंब चार माणसं ऐकतील आणि विसरतील. तिला रश्मीताईंचं नाक भर पंगतीत कापायचं होतं, आणि जी पोर चारचौघांत आई मेली म्हणून सांगते, तिच्याच तोंडून चारचौघांत ‘आई’ म्हणून घ्यायचं होतं. त्यापुढं तिला काही दिसत नव्हतं. गणपती आले, गेले. गौरीच्या नैवेद्यालाही तिचं ध्यान नव्हतं. लोकांच्या शेतात बेणणी करताना ती गवत असं उपटायची की शेजारची बाई म्हणायची, अगं, भात ठेव थोडं.

संधी पितृपंधरवड्यानं दिली. सर्वपित्रीला आश्रमाचा दरवर्षी मोठा कार्यक्रम असायचा. आपल्या गेलेल्या आईबापांच्या नावानं एकेका अनाथाला जेवू घाला, अशी हाक रश्मीताई देत आणि मुंबईची मंडळी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं रेवसला उतरत. आपल्याकडे पितर म्हणून कुणालातरी पानावर बसवायची रीतच आहे, तीच ताईंनी अशी कामाला लावली होती. स्वयंपाकाला तुळशीराम आचारी. त्याला वडे थापायला बायका लागत. नीराबाई पहाटेच पदर खोचून त्याच्या कढईपाशी हजर झाली. रश्मीताई चुलीकडे कधी फिरकत नसत, साडीला वास लागतो म्हणून.

दुपारी मांडवात पंगत बसली. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर. व्यासपीठावर भलामोठा फलक आणि त्यावर तेच चित्र, नीराबाईचं तोंड सुपाएवढं केलेलं. एकेका दात्याच्या आईबापाचं नाव पुकारलं जाई आणि एकेका मुलापुढं पान वाढलं जाई. मग मृणालीला ध्वनिक्षेपकापुढं उभं केलं. तिनं पाठ केलेलं म्हणून दाखवलं, माझी आई मला सोडून गेली, आता तुम्हीच माझे आईबाबा. बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले.

तेवढ्यात मुलांच्या ओळीच्या शेवटी डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई केळीचं पान टाकून बसली.

“वाढा,” ती मोठ्यानं म्हणाली. “दुसऱ्यांच्या पितरांच्या नावानं पोरं जेवतात. मी तर सोता पितर हाय. ह्या पोरीची मेलेली आय मी.”

डोळ्यांवरचे रुमाल खाली आले. वाढपी पोरगी गोंधळली, पण पानावर बसलेल्याला नाही कसं म्हणायचं? तिनं दोन वडे वाढले. रश्मीताई मात्र पक्क्या. त्या शांतपणे म्हणाल्या की बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसतो, अशी माणसं सणासुदीला येतात. मग त्यांनी मृणालीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “बाळ, तू ओळखतेस का यांना?”

नीराबाईनं मान वर केली. ह्याच घडीसाठी ती दीड महिना गप्प बसली होती. पोरीनं तिच्याकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, समोरच्या दोनशे माणसांकडे पाहिलं.

“नाही,” मृणाली म्हणाली. “मी नाही ओळखत.”

नीराबाईचा हात पानावर तसाच राहिला. ताई काय बोलतील, धक्के मारतील, पोलीस बोलावतील, सगळ्याची तयारी तिनं केली होती. ह्याची नव्हती केली. काळीज चिरणं म्हणजे काय ते तिला हरेश्वर गेला तेव्हाही एवढं कळलं नव्हतं. आणि तरी तिला पोरीचा राग आला नाही. सगळा राग त्या खांद्यावरच्या हाताचा आला. हिनं नुसतं मला मारलं न्हाय, माझ्या पोरीकडून मारवलं.

ती उठली, व्यासपीठावर चढली, डोक्यावरचा पदर खाली टाकला आणि फलकावरच्या फोटोला खेटून उभी राहिली. तेच नाक, हनुवटीवर तेच गोंदण, तोच डाव्या भुवईवरचा वण. बोलायची गरजच नव्हती. लोक एकदा वर बघत, एकदा खाली. पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या आईच्या नावानं दान दिलं होतं. त्या उठल्या, कुणाशी न बोलता रेवसच्या धक्क्याकडे चालू लागल्या. मग दुसऱ्या उठल्या, मग रांगच लागली. रश्मीताई ऐका ऐका म्हणत राहिल्या.

नीराबाई परत पानावर बसली आणि वडे, उसळ, खीर सगळं संपवलं. एक घास गिळवत नव्हता, पण ताई बघत होत्या म्हणून तिनं शीत राहू दिलं नाही. शेजारच्या पानावरची पाचेक वर्षांची एक मुलगी तिच्याकडे टक लावून बघत होती. तिनं हळूच विचारलं, माझी आई कधी येणार? आपल्या पानावरची खीर आधीच संपवली ह्याची नीराबाईला लाज वाटली.

त्याच दुपारी ती मृणालीला बोचक्यासकट घरी घेऊन आली. नाक कापलं होतं, भर पंगतीत कापलं होतं, वाडीत तिची वाहवा चालली होती. आणि पोर तोंड उघडत नव्हती. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. मिठागराचं दिवाळीनंतर बघू म्हणून नीराबाईनं गावच्या शाळेत नाव घातलं तर मुकाट्यानं जायला लागली. चार दिवसांत तिनं आईला हाक म्हणून मारली नाही. नीराबाई चुलीपुढं बसून स्वतःलाच विचारायची, मी कुणावर सूड घेतला गं बाई?

पाचव्या दिवशी रश्मीताई आल्या. साडी चुरगळलेली, डोळे सुजलेले. नीराबाईनं पाट दिला, पाणी दिलं, रीत सोडली नाही. मृणाली आतल्या भिंतीला टेकून गृहपाठ करत होती. ताईंनी पिशवीतून एक कागद काढला. फोटो संमतीनं छापला, माझी तक्रार नाही, एवढं लिहिलं होतं, खाली सहीला जागा. दान बंद पडलंय, त्या म्हणाल्या, माझं सोडा, पण त्या अकरा जणांना खरंच कुणी नाही.

ते खरं होतं. नीराबाईला त्या दिवसापासून ती पाच वर्षांची पोर दिसत होती. तिनं कागद हातात घेतला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. ताईंना वाटलं, जमलं.

“तुमची आय हाय ना अजून, अलिबागला?” नीराबाईनं विचारलं.

“हो. थकलीये, पण आहे.”

“मंग तिचा फोटो घ्या. त्याला हार घाला, हातात धरा आणि फोटो काढून पेटीवर लावा. खाली लिवा, रश्मीची आय देवाघरी गेली. म्हंजे त्या अकरांची पोटं भरतील. मी लगेच सही करते.”

रश्मीताई ताडकन उठल्या. “असं अभद्र कसं बोलवतं तुम्हाला? जिवंत आहे माझी आई!”

मृणालीनं वहीतून मान वर केली.

“माझीपण,” ती म्हणाली.