बाईंच्या तीन वह्या

महाबळेश्वरहून कुणी आलं की लोक स्ट्रॉबेरी मागतात. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतल्या बाई विचारत, "घाटात कारवी फुलली होती का?" कारवी म्हणजे डोंगरउतारावरचं, सात वर्षांनी एकदा फुलणारं झुडूप, हेच समोरच्याला ठाऊक नसे. मग त्या म्हणत, "म्हणजे नुसता रस्ता बघून आलात."

बाईंनी पाचगणीच्या एका शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. शाळेची बाग त्यांनीच वाढवलेली. निवृत्तीनंतर आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहायला आल्या. पुण्याचा उन्हाळा त्यांना मानवत नसे, आणि गॅलरीत कुंडीत लावलेल्या, थंड हवेच्या फ्युशियालाही. दर एप्रिलमध्ये तो मान टाकी. "मला इथं कशाला आणलंत, असं विचारतोय," त्या म्हणत, आणि पुढच्या थंडीत पुन्हा लावत.

मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि सोसायटीतला पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे आला. त्याच आठवड्यात बाई तीन जाड वह्या घेऊन वर आल्या. पहिला डेलिया कधी उमलला, शेकरूनं घरटं कुठं बांधलं, कस्तूर पक्ष्याची शीळ कोणत्या पहाटे ऐकू आली, अशा पस्तीस वर्षांच्या नोंदी. "तुझ्या यंत्रात घाल. घाई नाही. मी आहे तोवर झालं म्हणजे झालं."

मराठी फॉन्टशी झगडत मी अकरा पानं उतरवली. मग कंपनीनं वर्षभर अमेरिकेला पाठवलं. परत आल्यावर घराला रंग काढायचा होता, म्हणून माळ्यावरची चार खोकी मी रद्दीवाल्याला दिली. उघडूनही पाहिलं नाही. वह्या त्यातच होत्या, हे आठवड्यानं लक्षात आलं. दुकानात धावत गेलो, तर माल केव्हाच कागद गिरणीत लगद्याला गेला होता.

"कुठवर आलं रे?" बाई जिन्यात विचारत.

"निम्मं झालं, बाई."

पुढच्या वर्षी मी "थोडंच राहिलंय" म्हणू लागलो.

मग बाईंची नजर गेली. एका संध्याकाळी त्यांनी बोलावून घेतलं. "वाचून दाखव जरा." मी अकरा पानांचा प्रिंट वाचला. तिथं थांबायला हवं होतं. मी कोऱ्या कागदावरून पुढे वाचत राहिलो, "ऑगस्ट. गेटाजवळ पांढरा डेलिया फुलला."

बाईंनी मला थांबवलं. "गेटाजवळ डेलिया कधीच नव्हता. तिथं पाणी साचायचं."

"टाइप करताना चूक झाली असेल."

"असेल. मग दर रविवारी येत जा. मी सांगते, तू लिहून घे. चुका बऱ्याच झाल्या असतील."

वह्यांबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. मीही कबूल केलं नाही.

चार रविवार गेलो. डोळे मिटून त्या सांगत. सालं चुकायची, पण कुठल्या कोपऱ्यात काय होतं ते कधी चुकलं नाही. चौथ्या रविवारी निघताना म्हणाल्या, "आता हायड्रेंजिया. एका झाडाला निळी आणि गुलाबी, दोन्ही फुलं आणून दाखवली होती मी. शाळेतल्या मुली खुळावल्या होत्या. कसं केलं, ते सांगते."

पुढच्या रविवारी ऑफिसात होतो. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या आठवड्यात आईचा ऑफिसात फोन आला. बाई सकाळी गेल्या होत्या.

फाइल अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर मी आधीच 'हायड्रेंजिया' असं लिहून ठेवलं होतं. त्याखाली काही नाही.