सरांच्या सूर्यातली लाट

सर गेल्यावर काकूंना भेटायला गेलो, तेव्हा त्या गॅलरीत सांडग्यांचं ताट उन्हामागे सरकवत होत्या. ऊन न थांबता सरकत होतं, ताट मात्र त्यांना आठवेल तेव्हा.

सरांनी संगणकावर सूर्याच्या गाभ्याचं गणित असंच काळाच्या एकेका टप्प्यानं पुढे नेलं होतं. त्यात त्यांना एक लाट सापडली. उरलेलं आयुष्य त्यांनी तिलाच दिलं. परवा मी टप्पे बारीक करून तेच गणित पुन्हा चालवलं, आणि लाट नाहीशी झाली. ती सूर्यात कधी नव्हतीच. दोन टप्प्यांमध्ये जे निसटत होतं, त्यातून ती उठली होती.

"यांचं गणित बरोबर आलं ना रे?" काकूंनी विचारलं.

"हो काकू," मी म्हणालो.

त्या समाधानानं ताटाकडे वळल्या. तोवर ऊन कठड्यापलीकडे गेलं होतं.